फूल अभ्र्यावर, ठिगळ गोधडीवर

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात जुन्या घरांत घडवंचीवर गोधड्यांची थप्पी अजून दिसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याच्या गाडीत भांड्यांच्या पोत्याशेजारी जी वळकटी असते, तीही बहुतेक गोधड्यांचीच. कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत पुसा-माघाची थंडी काढायची असते आणि तिथे भरवशाचं पांघरूण दुसरं नसतं. हीच वस्तू गेल्या काही दशकांत शहरातल्या कलादालनांत भिंतीवर गेली, बचत गटांच्या प्रदर्शनांत किमतीची चिठ्ठी लावून बसली आणि पुनर्वापराचा आदर्श नमुना म्हणून पर्यावरणाच्या चर्चेत आली. गोधडी म्हणजे नेमकं काय मानायचं, यावर त्यामुळे निरनिराळी मतं तयार झाली आहेत. ती कला आहे की कसब, गरजेचं अपत्य आहे की जाणीवपूर्वक जपलेली परंपरा? तिचा बाजार व्हावा का? झालाच तर मोबदला आणि नाव कोणाच्या वाट्याला जावं?

या मतांचा आढावा घेताना एका दूरच्या वस्तूचा आधार मला उपयोगी वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिका आणि इंग्लंडमध्ये ‘क्रेझी क्विल्ट’ नावाच्या तुकडेजोडीच्या पांघरुणाची लाट आली होती. तिच्याबद्दलचे वाद शंभरावर वर्षं चालले आणि त्यांतले काही निकालातही निघाले. आपल्याकडचा वाद त्या मानाने नवा आहे. तिथे काय सुटलं आणि कसं सुटलं हे पाहिलं, की आपल्याकडे काय अडलं आहे ते लवकर ध्यानात येतं.

केजची गोधडी : ती कशी होते

आधी वस्तू नीट समजून घेऊ. आपल्याकडे तिला गोधडी म्हणतात, वाकळही म्हणतात. लहान मुलाची ती दुपटं. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून भरलेली रजई किंवा गादी वेगळी. गोधडीत कापूस नसतो, कापडावर कापड असतं. खालच्या थराला एखादं अखंड लुगडं, मधे धोतराचे, सदऱ्यांचे, परकरांचे फाटके तुकडे, आणि वरच्या थराला त्यातल्या त्यात बरं दिसणारं पातळ किंवा निवडून जोडलेली ठिगळं. सुगी आटोपली, उन्हाळा लागला, की हे धडुतं बाहेर निघतं. अंगण सारवून घ्यायचं, थर अंथरायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, हाताने सुरकुत्या काढायच्या, कडा आत दुमडायच्या आणि मोठमोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळं टाचून घ्यायचं. पुढे खरं काम सुरू होतं. जाड दोरा, मोठी सुई आणि धावदोरा. बहुतेक गोधड्यांत ओळी कडेने सुरू होतात आणि चौकोनात चौकोन असं करत मध्याकडे सरकतात. दोघी-तिघी, कधी चौघी चार बाजूंना बसतात. एकीचा टाका बारीक, दुसरीचा लांब. गोधडी पुरी झाली तरी कोणती बाजू कोणी शिवली ते घरातल्या बायकांना ओळखता येतं.

अभ्यासकांच्या दृष्टीने कळीची गोष्ट यापुढची आहे. गोधडी विरली म्हणून टाकून देत नाहीत. तिच्यावर नवं लुगडं घालून पुन्हा टाके घालतात. म्हणून जुन्या गोधडीच्या पोटात तिच्याहून जुनी गोधडी असते आणि तिच्या पोटात एखाद्या आजीचं, पणजीचं कापड असतं. वरून दिसतो तो थर सगळ्यांत अलीकडचा. वय ठरवायचं तर आत पाहावं लागतं, आणि आत पाहायचं तर उसवावं लागतं. बाहेरून फोटो काढून गोधड्यांची नोंद ठेवणारे या अडचणीपाशी थबकतात.

कापडाचं बोलणं निघालंच आहे तर शेजारच्या अंबाजोगाईची पासोडी सांगायला हवी. दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपलं ‘पंचीकरण’ चाळीस फुटांच्या आसपास लांबीच्या जाड कापडावर लिहिलं. ती ‘दासोपंतांची पासोडी’ म्हणून आजही अंबाजोगाईत जपलेली आहे. पासोडी म्हणजे गोधडी नव्हे आणि तिचा गोधडीशी थेट संबंध जोडण्याचं कारणही नाही. पण अंगावर घ्यायच्या जातीचं जाडंभरडं कापड चारशे वर्षं टिकू शकतं, हा पुरावा केजपासून हाकेच्या अंतरावर आहे. पासोडी टिकली कारण तिच्यावर अक्षरं होती, म्हणून कोणी तरी ती जपली. त्याच काळातली एकही वाकळ आपल्यापाशी नाही. वापर, धुणं आणि पावसाळा यांत ती गेली.

क्रेझी क्विल्ट : फिलाडेल्फियाहून घराघरांत

१८७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शंभर वर्षं साजरी करण्यासाठी फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं. तिथे जपानचं दालन होतं. जपानी रचनेतला तोल समोरासमोर सारखं ठेवून साधलेला नव्हता. भेगाळल्यासारखी दिसणारी चिनी मातीची भांडी, पंखे, तिरप्या रेषा यांनी प्रेक्षकांना वेड लावलं. त्यानंतरच्या काही वर्षांत मध्यमवर्गीय घरांतल्या बायका रेशमाचे, मखमलीचे, ब्रोकेडचे वेडेवाकडे तुकडे एका साध्या कापडावर बसवून शिवू लागल्या. दोन तुकड्यांच्या प्रत्येक सांध्यावर भरतकाम असे: कुठे पिसासारखा टाका, कुठे मासळीच्या काट्यासारखा, कुठे काजटाका. तुकड्यांच्या पोटात गुलाब, डेझी, पॅन्सी, जपानी पंखे, कोळ्याचं जाळं. कोपऱ्यात पुष्कळदा शिवणारीची आद्याक्षरं आणि साल. १८८० च्या दशकात ही लाट शिगेला पोचली. रेशीम गिरण्या कापडाच्या कातरणांची पाकिटं टपालाने विकू लागल्या, भरतकामाचे तयार छापे मिळू लागले. विसावं शतक उजाडून थोडा काळ गेला आणि लाट ओसरली.

हे पांघरूण झोपायच्या खोलीतलं नव्हतंच. ते बैठकीच्या खोलीत सोफ्यावर किंवा पियानोवर पसरलेलं असे. पुष्कळ क्रेझी क्विल्टांत मधे भरण नाही आणि सगळे थर एकत्र बांधणारा टाकाही नाही. गोधडीत धावदोरा हाच कणा असतो. क्रेझी क्विल्टमध्ये टाका पृष्ठभागावर असतो, तुकडा मिरवण्यासाठी. शिवाय त्या काळच्या रेशमाला वजन यावं म्हणून धातूंचे क्षार पाजलेले असत. त्यामुळे संग्रहालयांत जपलेल्या कित्येक क्विल्टांचं रेशीम आज हात न लावताही उभं चिरत चाललं आहे, भरतकाम मात्र त्यावर शाबूत आहे.

बऱ्याच काळापर्यंत लोकप्रिय समजूत अशी होती, की क्रेझी क्विल्ट हा अमेरिकेतला सगळ्यांत जुना प्रकार. वसाहतकाळातल्या गरीब बायकांनी चिंध्या जोडजोडून तो घडवला. क्विल्टांचा बारकाईने अभ्यास सुरू झाला तेव्हा ती समजूत गळून पडली. हाती असलेले नमुने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकातले, कापड महागडं, हेतू शोभेचा. काटकसरीची कथा नंतर चिकटवलेली निघाली. जपानचा प्रभाव किती आणि त्याच प्रदर्शनात मांडलेल्या लंडनच्या ‘रॉयल स्कूल ऑफ आर्ट नीडलवर्क’च्या भरतकामाचा किती, एवढाच मुद्दा आता अभ्यासकांत चर्चेला उरला आहे. काही जण तुकड्यांच्या रचनेवर भर देऊन जपानकडे बोट दाखवतात. काही जण फुलांच्या भरतकामाकडे पाहून लंडनचं नाव घेतात. दोन्ही धारा एका वस्तूत मिसळल्या, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

आपल्याकडे फूल कुठे गेलं

व्हिक्टोरियन काळातली ती फुलांच्या भरतकामाची आवड महाराष्ट्रातही आली, पण गोधडीवर उतरली नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८२० च्या दशकात मुंबईत आणि पुढे अहमदनगरच्या बाजूला मुलींच्या शाळा काढल्या. अशा शाळांत लिहिण्या-वाचण्याबरोबर सुईकामही शिकवलं जाई. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ साली, पुण्याचं सेवासदन १९०९ साली सुरू झालं, आणि शिवण हा बाईला स्वतःच्या पायावर उभं करणारा विषय ठरला. ‘स्त्री’ मासिक १९३० साली निघालं. त्या आणि नंतरच्या काळात नियतकालिकांतून, शाळेच्या शिवण-टिपणाच्या तासांतून, शेजारणीच्या वहीतून भरतकामाचे नमुने घरोघर फिरले. साखळी टाका, गाठीचा टाका, लेझी डेझी, काश्मिरी टाका, फुलीचा टाका. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिकडे शाळाच तुरळक होत्या, म्हणून ही लाट उशिरा पोचली. पोचली तेव्हा मात्र उशीच्या अभ्र्यांवर, टेबलक्लॉथवर, रुमालांवर, पुढे टीव्हीच्या झाकणावर गुलाबाच्या फांद्या आणि पोपटांच्या जोड्या उमटल्या.

भरतकाम लग्नात रुखवतावर मांडलं जाई. मुलीच्या हाताला वळण आहे, हे पाहुण्यांना दिसावं म्हणून. गोधडी सहसा रुखवतावर मांडत नसत. ती अंथरुण-पांघरुणात गुपचूप सासरी जाई. क्रेझी क्विल्टने तुकडा आणि फूल एका कापडावर आणले. आमच्याकडे फूल अभ्र्यावर गेलं, ठिगळ गोधडीवर राहिलं. एक दाखवायचं, दुसरं वापरायचं. गोधडीबद्दलच्या वादाचं मूळ मला या फाळणीत दिसतं. कला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अभ्र्यावरचा गुलाब येतो, आणि त्या मापाने गोधडी कमी भरते.

या फाळणीला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. बाळाच्या कुंचीवर आरसे, मणी, जर सगळं असतं. पोळ्याला बैलाच्या पाठीवर पडणारी झूल ठिगळकाम, आरसे आणि गोंड्यांनी भरलेली असते. म्हणजे तुकडा आणि नक्षी एकत्र आणण्याचं कसब इथल्या हातांना ठाऊक होतं. ते लेकरासाठी आणि बैलासाठी राखून ठेवलं, थोरल्या माणसाच्या पांघरुणाला लावलं नाही. जिल्ह्यातल्या तांड्यांवर तर चित्र साफ वेगळं. बंजारा बायकांच्या फेटियावर, काचळीवर तुकडेजोड, आरसे, कवड्या आणि दाट भरतकाम एकमेकांत गुंतलेलं असतं, आणि तेही नेसण्याच्या, रोज अंगावर वागवण्याच्या कापडावर. मराठी गोधडीची चर्चा करताना तांडा वेगळ्या कप्प्यात टाकण्याची सवय बरी नव्हे. केज, धारूर, परळी या पट्ट्यात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदल्या आहेत.

गोधडीवर फुलं मुळीच नाहीत असंही नाही. नऊवारी लुगड्यात चौकडी असे, काठ असत. अंगभर फुलं क्वचित. गिरण्यांची छापील पातळं, वायलच्या साड्या खेड्यांत आल्या आणि फाटल्यावर गोधडीत गेल्या, तेव्हा फुलं गोधडीवर आली. सुईने न काढलेली, छापून आलेली फुलं. १९५०-६० नंतरच्या गोधड्यांत त्यांची गर्दी वाढत गेलेली दिसते. शिवणारी बाई ती फुलं कुठे ठेवायची हे ठरवते: मध्यभागी की कडेला, निळ्याशेजारी की तांबड्याशेजारी. तिची निवड इथे आहे. पाहणाऱ्याने ती वाचायला हवी.

उगमाबद्दलची मतं

गोधडी आली कुठून, यावर मुख्यतः तीन म्हणणी आहेत. पहिलं सरळ आहे: जिथे कापड महाग आणि थंडी आहे, तिथे फाटकं जोडून पांघरूण होणारच. कुठल्याही एका उगमाची गरज नाही. सिंधची रल्ली, बिहारची सुजनी, बंगालचा कांथा, कर्नाटकातली कौदी, तेलंगणातली बोंत या सगळ्या गरजेच्या लेकी.

दुसरं म्हणणं भिक्षू आणि जोगी यांच्याकडे बोट दाखवतं. बौद्ध भिक्षूंचं तुकडे जोडून केलेलं चीवर, नाथ जोग्यांची कंथा, वैराग्याची खूण म्हणून घेतलेलं ठिगळांचं वस्त्र. महाराष्ट्रात हा धागा अगदी अलीकडपर्यंत येतो. कर्जतला गोदड महाराजांचं देवस्थान आहे. गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराज म्हणत, चिंधेबुवाही म्हणत. ठिगळ लावलेल्या कापडाला पावित्र्य होतं आणि ते पांघरुणात उतरलं, असं हे मत. स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये कांथ्यावर लिहिताना चिंध्यांतून पूर्णत्व घडवण्याच्या कल्पनेला आध्यात्मिक अर्थ दिला. त्या लेखाचा प्रभाव भारतीय गोधड्यांवरच्या लिखाणावर अजून आहे.

तिसरं म्हणणं फिरस्त्यांचं आणि व्यापाराचं. बंजारे, मेंढपाळ, सैन्याबरोबर फिरणारे लोक यांनी तंत्र एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेलं. किनाऱ्यावरून सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीजांसाठी बंगालात आणि गुजरातेत भरतकामाच्या रजया तयार होऊन युरोपात गेल्या. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदी या मताला बळ देते. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे हे वंशज. त्यांच्या पांघरुणांतली रंगांची मांडणी आणि कोपऱ्यांवर घडी घालून बसवलेली त्रिकोणी फुलं अभ्यासकांना वेगळ्या परंपरेची आठवण करून देतात. आणि तरीही कडेकडून मध्याकडे जाणारा तिथला धावदोरा आपल्या गोधडीचाच. कोणी कोणाकडून घेतलं, हे सांगता येत नाही.

तिन्ही म्हणणी एकमेकांना खोडत नाहीत. पण अमेरिकेतला अनुभव इथे आठवावा. तिथे गरजेची कथा सगळ्यांना इतकी पटली होती, की कापड तपासायचं राहूनच गेलं. आपल्याकडे गरजेची कथा बहुतांशी खरी असेल. वैराग्याची कथाही काही ठिकाणी खरी असेल. दोन्ही कथा तपासाशिवाय पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात, आणि ही पद्धत मला धोक्याची वाटते.

कला, कसब की अभाव

हा वादाचा सगळ्यांत तापलेला भाग. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हान डर हूफ यांनी अमेरिकन क्विल्ट अमूर्त चित्रांप्रमाणे भिंतीवर मांडल्या. त्या प्रदर्शनाने क्विल्टला कलेच्या दालनात बसवलं. दोन वर्षांनी पॅट्रिशिया मैनार्डी यांनी स्त्रीवादी बाजूने हरकत घेतली: या वस्तूंना चित्रकारांच्या मापाने मोजण्याची गरजच काय? शिवणाऱ्या बायकांची नावं, हेतू आणि परंपरा बाजूला सारून केवळ रेषा-रंग पाहणं हा अन्याय आहे. २००२ मध्ये अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या क्विल्ट ह्यूस्टनला आणि मग व्हिटनीत लागल्या, गाजल्या, त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. २००७ मध्ये त्यांतल्याच काही जणींनी मोबदला आणि हक्क यांवरून न्यायालयात दावे लावले. ते पुढे मिटले. पण संग्रहालयाची भिंत मिळाली म्हणून शिवणारीचा हिशेब चुकता होत नाही, हे त्या प्रकरणाने सगळ्यांसमोर ठेवलं.

आपल्याकडे कलापक्षाचं म्हणणं असं: केवळ उपयोगासाठी शिवायचं तर बायकांनी रंग निवडले नसते, चौकोन मध्यावर आणला नसता, कडेला मगजी लावली नसती. सौंदर्यदृष्टी स्पष्ट दिसते आहे. तिला नाव द्यायला आपण कचरतो ते ती शिवणारी बाई गरीब आणि बिनशाळेची आहे म्हणून. गीता खंडेलवाल यांचं महाराष्ट्रातल्या गोधड्यांवरचं पुस्तक आणि पॅट्रिक फिन यांचं भारतीय गोधड्यांवरचं पुस्तक यांनी हा पक्ष भक्कम केला. गोधड्या पुस्तकाच्या गुळगुळीत पानावर आल्या आणि पाहणाऱ्याची नजर बदलली.

दुसरा पक्ष अभावाची आठवण करून देतो. गोधडीबद्दलचं हळवं लिखाण प्रामुख्याने अशा लोकांकडून येतं ज्यांना आता ती पांघरावी लागत नाही. गळक्या छपराखाली ओली वाकळ अंगावर घेतलेल्याला, ढेकणांनी भरलेली गोधडी उन्हात घालून झोडपलेल्याला, मालकिणीने दिलेल्या जुन्या लुगड्याची गोधडी शिवून वर उपकाराची भाषा ऐकलेल्याला तिच्यातली ऊब आठवते तशी लाजही आठवते. दलित आणि श्रमिक घरांतून आलेल्या लिखाणाने अंगावरच्या फाटक्या कापडाचा अपमान मराठीत पुरेसा नोंदवला आहे. गोधडीला कला म्हणून गौरवताना तो अपमान झाकला जाईल, ही भीती अनाठायी नाही.

तिसरं म्हणणं श्रमाचं. गोधडी शिवायला बायकांचे दिवसच्या दिवस जातात आणि ते घरकामात मोजलेही जात नाहीत. ऊसतोडीवर असलेली बाई पहाटेपासून फडात असते; तिने गोधडी शिवावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? परंपरा टिकवा म्हणणाऱ्यांनी हा वेळ कोण देणार ते सांगायला हवं, असं या पक्षाचं म्हणणं.

मला तिन्ही बाजूंत तथ्य दिसतं, पण तिसऱ्या बाजूकडे झालेलं दुर्लक्ष सगळ्यांत जास्त खुपतं. पहिल्या दोन पक्षांत बोलणारे बहुधा गोधडी पाहिलेले किंवा पांघरलेले लोक आहेत. शिवणारी बाई या चर्चेत जवळजवळ बोललेलीच नाही.

बाजार आणि मानांकन

बाजाराबद्दल मतभेद तीव्र आहेत. बाजूने बोलणारे सांगतात, की बचत गटांना गोधडी हे भांडवलाशिवाय सुरू होणारं काम आहे. हात तयार आहेत, कापड घरात आहे. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत ग्रामीण गटांचा माल थेट गिऱ्हाइकापर्यंत जातो. बिहारच्या सुजनीला २००६ मध्ये आणि बंगालच्या नक्षी कांथ्याला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; मग गोधडीला का नको?

विरोधातले मुद्दे तीन. शहरातलं गिऱ्हाईक जुन्या, वापरलेल्या कापडाला नाक मुरडतं, म्हणून गोधडी नव्या कापडाची किंवा शिंप्याकडच्या कातरणांची होऊ लागते आणि तिचा मूळ धर्मच बदलतो. दुसरं, हाताच्या टाक्याचा वेळ किमतीत भरून निघत नाही. किंमत वाढवली की माल पडून राहतो. तिसरं, नावाची पळवापळवी. परदेशी बाजारात धावदोऱ्याचं कुठलंही भारतीय पांघरूण सर्रास कांथा म्हणून विकलं जातं. मानांकनाने हे थांबेल असं काहींना वाटतं. पण मानांकन म्हणजे हद्द ठरवणं, आणि गोधडीची हद्द कुठे आखायची? केजची, सोलापूरची, कोल्हापूरची, की सीमेपलीकडच्या विजयपूर-बिदरचीसुद्धा? सुजनीला भुसुरा गाव आणि त्याच्या आसपासचा मुलूख होता. गोधडी सगळ्या महाराष्ट्राची आणि त्याच्याही बाहेरची आहे. मानांकनाचा आग्रह धरणाऱ्यांनी या अडचणीला पुरतं उत्तर दिलेलं मला दिसलेलं नाही.

मधल्या मध्ये यंत्र येऊन पोचलं आहे. टेम्पोवर शिलाई यंत्र घेऊन गावोगाव फिरणारे जुन्या साड्यांची गोधडी उभ्या उभ्या शिवून देतात. हाताच्या टाक्याचे कैवारी हळहळतात. पण ज्या घरात बाईला वेळच नाही, तिथे साडीचा पुनर्वापर होतो तो या टेम्पोमुळेच. ही गोधडी खोटी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

कापड बदललं

वाद चालू असताना गोधडी आतून बदलून गेली. नऊवारी सुती लुगडं वर्षानुवर्षं धुऊन मऊ होत असे. तेच गोधडीचं बळ होतं. गोल पातळं आली, मग सिंथेटिक साड्या आल्या. सिंथेटिक कापड घाम शोषत नाही, सुईखाली निसटतं, थर एकमेकांवरून सरकतात. दुसरीकडे ते लवकर वाळतं, हलकं असतं आणि फाटत नाही. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची मारामार असते, तिथे लवकर धुऊन होणारं आणि लवकर वाळणारं पांघरूण हा लहान फायदा नव्हे. पर्यावरणवादी मंडळी गोधडीला चक्राकार वापराचा नमुना म्हणतात. तो आदर्श सुताच्या काळचा आहे. पॉलिस्टरची गोधडी कुजत नाही आणि तिची धूळ-धागे कुठे जातात, हा नवा प्रश्न आहे.

शिवाय जुन्या साडीला वाटा आणखीही आहेत. बोहारीण ती भांड्यावर घेऊन जाते. घरात गोधडीऐवजी सोलापुरी चादर आणि मऊ मिंक ब्लँकेट आली आहेत. हे परिवर्तन वाईट, असं म्हणण्याचा अधिकार ज्याला थंडी वाजते त्यालाच.

नोंद कशी व्हावी

वर आलेल्या वादांपैकी बहुतेक पुराव्याअभावी पुढे सरकत नाहीत, आणि पुरावा दर वर्षी कमी होतो आहे. अमेरिकेत क्रेझी क्विल्टचा उगम ठरवता आला, कारण पुष्कळ नमुन्यांवर साल आणि आद्याक्षरं होती. आपल्याकडे पितळी घागरीवर नाव घालून घेतात, तांब्यावर घालतात. गोधडीवर कोणी घातलं नाही. म्हणून संग्रहात गेलेल्या गोधडीखाली बहुधा गावाचं किंवा जिल्ह्याचं नाव असतं आणि पुढे ‘अनामिक’.

नोंद कशी करावी, यावरही एकमत नाही. काही जण म्हणतात, गोधडी विकत घेऊन संग्रहालयात ठेवावी. काहींच्या मते घरातच राहू द्यावी, फक्त फोटो आणि मुलाखत घ्यावी. थर पाहण्यासाठी एक कोपरा उसवून पुन्हा शिवून द्यावा, असंही सुचवलं जातं. घरातल्या बाईनेच तो उसवला आणि तिनेच शिवला, तर मला त्यात गैर वाटत नाही. तो कोपरा उसवताना ती जे सांगेल तीच नोंद: हे सासूबाईंचं इरकल, हा दिराचा शाळेचा सदरा, हे मोंढ्यातून आणलेलं.

यासाठीचा काळ वर्षातून एकदा ठरलेला असतो. घट बसण्याआधी घरातल्या सगळ्या गोधड्या-वाकळा धुण्यासाठी बाहेर निघतात; पाणी असेल तर नदीवर, नसेल तर हातपंपावर किंवा टँकरच्या भरवशावर. पुढे लगेच ऊसतोडीची निघानिघ सुरू होते आणि निम्मं गाव कुलूपबंद होतं. तालुक्यातल्या महाविद्यालयांना किंवा शाळांना काम करायचं असेल तर भाद्रपदाचा शेवटचा पंधरवडा हाच. वहीत रकाने चार पुरेत: शिवली कोणी, कापड कोणाचं, पांघरली कोणी, आणि आत किती थर. पहिल्या रकान्यात एकाहून जास्त नावं येतील, हे धरूनच तो रुंद आखावा.